ताप उतरला, बोटं सुटली नाहीत

यंदाही पाऊस लागला आणि आमच्या गल्लीत चिकनगुनिया आला. ओळखीतल्या बायका भेटल्या की सगळ्यांचा प्रश्न एकच: ताप जाऊन इतके दिवस झाले, सांधे अजून धरलेत, याचा पुढे कायमचा संधिवात होतो का? मी डॉक्टर नाही, निपाणीत एका पतसंस्थेची कॅश सांभाळते. पण हाच प्रश्न घेऊन मी ऑगस्ट २०२४ पासून दवाखाने पालथे घातलेत, म्हणून जे झालं ते क्रमानं लिहिते. औषधांची नावं येतील, डोस लिहिणार नाही. तो ज्याचा त्याचा असतो.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, संध्याकाळी कॅश टॅली करतानाच अंग मोडून आलं. रात्री ताप १०३. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि तळव्यापासून कळ गुडघ्यात गेली. भिंत धरून मोरीपर्यंत जायला लागलं. दोन दिवसांनी हातांवर, पाठीवर पुरळ आलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी आधी डेंग्यूचं रक्त तपासायला लावलं आणि तो नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय एकही गोळी दिली नाही. दुखणं मारायच्या बाकीच्या गोळ्या डेंग्यूत घातक ठरू शकतात, प्लेटलेट उतरलेल्या असतात आणि रक्तस्रावाची भीती असते. त्या दिवसांत मला हा चिक्कूपणा वाटला होता, पण डॉक्टरबाई बरोबर होत्या.

चिकनगुनियाची आयजीएम तपासणी पहिल्या दोन-चार दिवसांत केली तर निगेटिव्ह येऊ शकते, कारण अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, तयार व्हायलाच पाच-सात दिवस लागतात. माझी दुसऱ्या आठवड्यात केली, खाजगी लॅबला नऊशे रुपये पडले. आरोग्य केंद्रातून रक्त जिल्ह्याला पाठवलं तर ही तपासणी फुकट होते, किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतून (एनआयव्ही) येतात. फक्त रिपोर्ट यायला वेळ लागतो. कुठूनही करा, पण तो कागद फाईलला लावून ठेवा. पुढे मोठ्या डॉक्टरांनी पहिला कागद तोच मागितला. ‘चिकनगुनिया झाला होता म्हणे’ आणि ‘झाला होता’ यात त्यांच्या दृष्टीनं मोठा फरक आहे.

आरोग्य खात्याची मुलं घरी येऊन बॅरल उपडे करून गेली. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे बॅरल हवेतच, आणि चिकनगुनिया पसरवणारा डास नेमका अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो, चावतो दिवसा. आता बॅरलला जुन्या साडीचं फडकं घट्ट बांधतो.

७ सप्टेंबरला गणपती बसले तोवर ताप गेला होता. गौरी आल्या तेव्हा सुपातल्या मुखवट्याला हात लावायची माझी छाती होईना. हातातून पडला तर काय, म्हणून जावेनं आणल्या. सासूबाई शांत होत्या. २००६ साली चिकनगुनियाची मोठी साथ आली होती, कर्नाटक-महाराष्ट्रात गावंच्या गावं आडवी झाली होती. त्यात त्या सापडल्या होत्या. “मला बी वरीसभर असंच हुतं की. जिना बसून उतरत हुतो. गेलं सगळं. तुझं बी जातंय बघ.” त्यांचं खरंच गेलं होतं. आज सत्तरीत त्या पाटावर मांडी घालून भाकरी थापतात. त्यामुळे घरात सगळ्यांनी माझं जायची वाट बघायला सुरुवात केली, मीसुद्धा.

पण माझं दुखणं बसायची जागा बदलत गेलं. गुडघे, घोटे महिन्याभरात हलके झाले आणि हातांनी जोर धरला. सकाळी उठलं की मूठच मिटायची नाही. बोटांच्या मुळाशी, म्हणजे ठोसा मारताना जो भाग लागतो तिथे, फुगीर आणि गरम. दुधाची पिशवी दातांनी फोडायची, ब्लाउजचे हुक यांनी लावायचे. संस्थेत दहाला काउंटर उघडायचा, तर पाचशेचं बंडल अंगठ्यानं सरकेचना. मशीन आहे, पण फाटक्या-जुन्या नोटा हातानंच बघाव्या लागतात. साडेअकराच्या सुमाराला बोटं सुटायची आणि मग दिवसभर ठीक. सगळ्यांना वाटायचं, बघा, काम केलं की बरं वाटतंय. सकाळचा हा आखडलेपणा किती वेळ टिकतो, हीच पुढे सगळ्यात मोलाची माहिती ठरली. मी तो कॅलेंडरवर लिहीत गेले, कालनिर्णयच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाखाली.

ऑक्टोबरमध्ये गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. ईएसआर ५८, सीआरपी वाढलेला (हे दोन्ही अंगातली सूज दाखवतात), आणि आरए फॅक्टर, म्हणजे आमवातात सापडणारी एक अँटिबॉडी, थोडासा पॉझिटिव्ह. त्या म्हणाल्या, आरए फॅक्टर विषाणूच्या तापानंतर तात्पुरताही वाढतो, निरोगी माणसातही कधी सापडतो, एवढ्यावरून काही ठरत नाही, थांबू. दुसऱ्या एका ठिकाणी नणंदेच्या आग्रहानं दाखवलं. तिथे पाच मिनिटांत ‘आमवात, जन्मभर गोळ्या’ असं सांगून इंजेक्शन दिलं. इंजेक्शननं दुसऱ्या दिवशी मी अशी टुणटुणीत की घर झाडून काढलं! आठवड्याभरात होतं तिथे परत. ते स्टेरॉइड होतं हे बिलावरच्या नावावरून कळलं. संधिवाताच्या पुड्या देणारे तर आपल्या भागात दर दहा मैलांवर आहेत. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. त्यानं सूज दबते आणि मग खऱ्या डॉक्टरला तपासायला सांध्यात काही दिसत नाही. कुणी काहीही दिलं तरी त्याचं वेष्टन, बिल, चिठ्ठी टाकू नका, हे एवढं ऐका.

दिवाळीत चकलीचा सोऱ्या फिरवताना मनगटातून अशी कळ गेली की सोऱ्या तसाच पातेल्यावर ठेवून मी उठले. तेव्हा ठरवलं की वाट बघणं पुरे, सांध्यांचा स्पेशालिस्ट गाठायचा. त्याला रूमॅटॉलॉजिस्ट म्हणतात. हाडांचा डॉक्टर वेगळा.

आता निपाणीच्या माणसाला कुठेही जायचं तरी प्रश्न पडतो की दक्षिणेला जायचं की उत्तरेला. बेळगाव आपला जिल्हा, साधारण पंचाहत्तर किलोमीटर. कोल्हापूर दुसरं राज्य, पण चाळीस. मी कोल्हापूर धरलं. अपॉइंटमेंट नोव्हेंबरअखेरची मिळाली. बसचं गणित सांगते, कारण ते लगेच कळत नाही: कर्नाटकच्या साध्या बसला बायकांना शक्ती योजनेत झिरो तिकीट, आधार दाखवायचं, पण ते राज्याच्या आत. हद्द ओलांडली की ती सवलत संपली. पलीकडे एसटीत महाराष्ट्राच्या हद्दीत बायकांना अर्धं तिकीट. बेळगावला गेले असते तर प्रवास फुकटात पडला असता, पण दिवस मोडला असता.

कार्डांचंही तेच. एपीएल-बीपीएल बघून उपचार देणारी आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक आमच्याकडे आहे, तिच्यात खाजगी दवाखान्यात जायचं तर तातडीचं नसेल तेव्हा आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली, त्यावर कर्नाटकानं आक्षेप घेतला, पेपरात भरपूर आलं. मी दोन्हीचे कागद पिशवीत घालून नेले. खिडकीवरच्या मुलीनं नीट समजावून सांगितलं, “ताई, या योजना यादीतल्या उपचारांना आणि भरती पेशंटला. ओपीडीची फी, रक्त, महिन्याच्या गोळ्या यात बसत नाहीत.” दोन राज्यांचा जीव माझ्यावर, आणि बिल माझ्या पर्समधून. त्या दिवशी तपासणी फी सातशे रुपये गेली.

डॉक्टरांनी आधी कॅलेंडरची पानं बघितली. मी मोबाईलवर फोटो काढून नेले होते. मग दोन्ही हातांची बोटं मुळाशी एकत्र धरून आडवी दाबली, जशी आपण हस्तांदोलनात कुणाची तरी जोरात दाबतो. मी ओरडलेच. मग ते एकेक सांधा अंगठ्यानं दाबून कागदावरच्या चित्रात फुल्या मारत गेले. मग प्रश्न. घरात कुणाची बोटं वाकडी होती का? माझ्या आत्याची होती, तिला शेवटी ताट धरता येत नव्हतं. विडी-सिगारेट? मशेरी? निपाणीची म्हटल्यावर तंबाखूचं विचारणारच. मशेरी मी लावत नाही, पण सासरे हयात होते तोवर घरात धूर असायचा. धूम्रपान करणाऱ्याला हा आजार व्हायचा धोका जास्त असतो, आणि तोही रक्तात ठरावीक अँटिबॉडी सापडतात तो प्रकार, असं ते म्हणाले.

त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत असं. विषाणूशी लढायला शरीर अँटिबॉडी आणि पेशी तयार करतं. काही वेळा विषाणूचा एखादा तुकडा आपल्याच प्रथिनासारखा असतो आणि ही फौज तापानंतरही आपल्याच सांध्यावर चालून जात राहते. काही वेळा सांध्याच्या अस्तरात विषाणूचे अंश महिनोन् महिने उरतात आणि तिथली सूज धुमसत राहते. दुसरा प्रकार बहुतेकांचा पुढे शमतो, सासूबाईंचा शमला तसा. तीन महिन्यांच्या पुढे सांधे दुखत राहिले तर त्याला दीर्घकाळचा चिकनगुनिया संधिवात म्हणतात, आणि तो बाहेरून हुबेहूब आमवातासारखा, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससारखा दिसू शकतो. म्हणूनच घाईनं शिक्का मारायचा नाही. आमवात ठरवायचे २०१० सालचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यात दहापैकी सहा गुण लागतात: किती आणि कोणते सांधे, रक्तातल्या अँटिबॉडी, ईएसआर-सीआरपी, आणि दुखणं सहा आठवड्यांच्या वर आहे का. म्हणजे गल्लीतल्या डॉक्टरबाईंचं ‘थांबू’ हे टाळणं नव्हतं, त्या निकषातला एक गुणच होता.

मुख्य तपासणी अँटी-सीसीपी, आमवाताची खास अँटिबॉडी रक्तात शोधायची. चिकनगुनियाच्या दुखण्यात ती सहसा निगेटिव्ह येते, आमवातात पुष्कळांची पॉझिटिव्ह. अकराशे रुपये. सोबत एएनए, म्हणजे ल्युपस या शरीर स्वतःवरच उलटण्याच्या दुसऱ्या आजाराकडे तर चाललेलं नाही ना ते बघायला. हात-पायांचे एक्स-रे, छातीचा एक्स-रे, कावीळ बी आणि सी, लिव्हर, किडनी. सगळं मिळून पाच हजारांच्या आत-बाहेर. एक्स-रे साफ होता, हाड झिजलेलं नव्हतं. अँटी-सीसीपी मर्यादेच्या कितीतरी पट वर. म्हणजे आमवात.

दुसऱ्या भेटीत मी एकच विचारलं. चिकनगुनियामुळे झालं का हे? डॉक्टर म्हणाले, “मॅडम, ही अँटिबॉडी दुखणं सुरू व्हायच्या आधी काही वर्षं रक्तात असू शकते. तुमचं कधीपासून होतं ते आता कुणी सांगू शकणार नाही. येणारच होतं ते लवकर आलं, की तापानं सुरू करून दिलं, दोन्ही शक्य आहे. उपचार तोच.” मला त्या उत्तराचा राग आला. कुणावर तरी ढकलता आलं असतं तर बरं वाटलं असतं, मग तो डास का असेना.

त्या रात्री मोबाईलवर वाचत बसले. २०२३ साली जर्मनीत सहा लाख चाळीस हजारांवर कोविड झालेल्या लोकांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता: त्यांच्यात पुढे नवे ऑटोइम्यून आजार, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं ते, ४३ टक्के जास्त. छातीत धस्स झालं. मग कॅशियरच्या सवयीनं आकडे खाली उतरवून काढले. कोविड न झालेल्या हजार माणसांमागे वर्षाला साधारण साडेदहा, झालेल्यांत साधारण पंधरा. हजारात साडेचार जास्त. ४३ टक्के हाही खरा, साडेचार हाही खरा, पण झोप दुसऱ्यानं लागली. एपस्टाइन-बार नावाचा विषाणू तर जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाच्या अंगात असतो. २०२२ साली अमेरिकी सैनिकांच्या रक्ताच्या नमुन्यांवरून दिसलं की मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू-मज्जारज्जूचा आजार होणाऱ्यांना त्याची लागण आधी झालेली असते. तरी तो आजार होतो फार थोड्यांना. विषाणूबरोबर घराण्याचा वारसा, तंबाखू आणि आणखी पुष्कळ काही जुळून यावं लागतं.

डिसेंबरात औषधं सुरू झाली. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन रोज, त्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पडदा तपासून घ्यायचा. काही आठवडे थोडं स्टेरॉइड, उतरतं. आणि मेथोट्रेक्सेट. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, आणि असं घडतं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर वार लिहून त्याला गोल केला. आम्ही शनिवार धरला, म्हणजे रविवारी मळमळलं तरी चालतं. सासूबाईंनी मारुतीचा वार म्हणून लगेच पसंती दिली. डबीवर मार्करनं ‘शनिवार’ लिहून ती बाकीच्या गोळ्यांपासून लांब, फ्रिजवर ठेवली. मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी ही गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगायलाच हवं, गरोदरपणात ती चालत नाही. महिन्याचा गोळ्यांचा खर्च सहाशेच्या आसपास येतो. रक्त निपाणीतच द्यायचं आणि रिपोर्ट व्हॉट्सॲपला टाकायचा असं ठरल्यामुळे दर वेळची कोल्हापूरची फेरी वाचते.

गोळ्या लागू पडायला दीड ते तीन महिने लागतात हे आधी सांगितलं होतं, तरी जानेवारी अवघड गेला. केस गळत होते, फरक दिसत नव्हता, आणि त्यातच पुण्यात सिंहगड रस्त्याकडे गियाँ-बारे सिंड्रोमचे पेशंट वाढल्याच्या बातम्या. तोही संसर्गानंतर शरीर स्वतःच्याच नसांवर उलटण्याचा प्रकार. तिथे कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला होता, जंतू वेगळा, आजार वेगळा. पण माझ्या डोक्यात सगळं एकच झालं. पायाला मुंग्या आल्या की मी रात्री उठून बोटांवर उभी राहून बघायची. यांनी टीव्हीवरच्या बातम्या बंद केल्या.

याच काळात माझ्याच बँक खात्यातून पैसे काढायला गेले तर सही जुळेना. रोज लोकांच्या सह्या मी जुळवते, नाही जुळली की परत पाठवते, आणि आता काउंटरच्या पलीकडे मी. ‘क’चा वेलांटीचा फराटाच निघत नव्हता. नव्या सहीचा अर्ज, दोन फोटो, आधार-पॅनच्या झेरॉक्स, मॅनेजरसमोर तीन सह्या. त्यांनी विचारलं, हीच कायम करणार ना? हात सुधारणार की नाही हे तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून मी सोपी, सुट्या अक्षरांची सही दिली. संधिवाताच्या माणसानं हे आधीच करून ठेवावं, चेक परत येण्यापेक्षा बरं.

फेब्रुवारीच्या अखेरीस एके दिवशी दुधाची पिशवी कात्रीनं कापली आणि लक्षातच आलं नाही. मार्चमध्ये लिव्हरचा आकडा, एसजीपीटी, जरा वाढला, डोस कमी केला, पुढच्या रिपोर्टला खाली आला. एप्रिलपर्यंत स्टेरॉइड पूर्ण बंद. सकाळचा आखडलेपणा आता दहा-पंधरा मिनिटांचा आहे, जूनमध्ये ईएसआर २२ आला. पाऊस-ढगाळ असलं की बोटं कुरकुरतात, आणि उजव्या मधल्या बोटाचं मूळ थोडं फुगलेलं राहिलंय ते राहिलंय.

गल्लीत आता जिला विचारायचं असेल तिला मी एवढंच सांगते. पहिले काही आठवडे दुखणारच, बहुतेकींचं जाणार. तोवर सकाळी हात किती वेळ आखडतात ते लिहून ठेव. सहा आठवड्यांनीही बोटांच्या मुळाशी सूज असेल, दोन्ही हातांना सारखी असेल, सकाळचा आखडलेपणा तासभर जात नसेल, तर गल्लीतल्या डॉक्टरांना अँटी-सीसीपी लिहून द्यायला सांग. घरात कुणाला आमवात असेल तर आणखी लवकर. निगेटिव्ह आली तरी सूज राहिली तर सांध्यांच्या डॉक्टरला दाखवच. पॉझिटिव्ह आली तर अपॉइंटमेंट त्याच दिवशी घे, कारण तारीख महिन्यानंतरचीच मिळते आणि हाड झिजायच्या आत गोळ्या सुरू व्हायला हव्यात. जाताना चिकनगुनियाचा रिपोर्ट, सगळ्या गोळ्यांची वेष्टनं आणि आधार बरोबर घे. आधार दवाखान्यासाठी नाही, झिरो तिकिटासाठी.